वैद्यकीय माहितीशास्त्राचे शिक्षण

रुग्ण, रोग, औषधोपचार आणि वैद्यकीय ज्ञान यांविषयीची माहिती नोंदविणे, साठविणे, तिचे वर्गीकरण करणे, हवी तेव्हा ती शोधून काढणे आणि निर्णयासाठी वापरणे या क्रियांचा पद्धतशीर अभ्यास करणाऱ्या शास्त्राला वैद्यकीय माहितीशास्त्र म्हणतात. वैद्य, परिचारिका, औषधनिर्माते, प्रयोगशाळांतील तंत्रज्ञ, रुग्णनोंदी सांभाळणारे कर्मचारी, आरोग्य प्रशासक आणि गावपातळीवरील आरोग्यसेविका यांना या शास्त्राचे जे शिक्षण दिले जाते, त्याचा इतिहास प्रस्तुत लेखात दिला आहे. हे शिक्षण दोन प्रकारचे असते. पहिला प्रकार दैनंदिन कामात माहितीचा वापर करणाऱ्या सर्वांसाठी असतो, तर दुसरा माहितीव्यवस्थांची रचना व देखभाल करणाऱ्या तज्ञांसाठी असतो. हे शिक्षण म्हणजे संगणक चालविण्याचे शिक्षण, अशी सर्वसाधारण समजूत आहे. परंतु त्याचे मूळ संगणकाच्या जन्मापूर्वी सु. शंभर वर्षे मागे जाते. कोणत्या रोगाला काय म्हणावे, नोंद कोणी करावी आणि त्या नोंदीचा उपयोग कोणाला व्हावा, हे त्याचे मूळ प्रश्न होत. यंत्रे बदलत गेली, तरी हे प्रश्न कायम राहिले.

पूर्वपीठिका : इंग्लंडमध्ये १८३७ पासून जन्म, मृत्यू व विवाह यांची नागरी नोंदणी सुरू झाली. तेथील महानिबंधक कार्यालयात आकडेवारीच्या संकलनाचे काम विल्यम फार (१८०७–८३) या वैद्याकडे आले. एकाच रोगाला निरनिराळे वैद्य तीनचार नावे देतात आणि एकच नाव निरनिराळ्या रोगांना लावले जाते, हे त्याच्या प्रारंभीच लक्षात आले. भौतिक शास्त्रांत वजनमापांचे जे महत्त्व, तेच रोगांच्या अभ्यासात सुनिश्चित परिभाषेचे आहे, असा विचार त्याने १८३९ च्या अहवालात मांडला. मृत्यूचे कारण लिहिणाऱ्या वैद्याने ठराविक परिभाषा वापरावी, यासाठी त्याने रोगांची सूची तयार केली. वैद्यांच्या लेखनाला शिस्त लावण्याचा हा एक आद्य व महत्त्वाचा प्रयत्न होय.

क्रिमियन युद्धात (१८५३–५६) फ्लॉरेन्स नाइटिंगेल (१८२०–१९१०) नोव्हेंबर १८५४ मध्ये तुर्कस्तानातील स्कूटारी येथील लष्करी रुग्णालयात दाखल झाल्या. तेथे मृत्यूंच्या निरनिराळ्या नोंदी ठेवल्या जात होत्या आणि त्यांतील आकडे परस्परांशी जुळत नव्हते. किती सैनिक मेले हेच निश्चित नसेल, तर ते कशाने मेले हे ठरविता येत नाही. इंग्लंडला परतल्यावर नाइटिंगेल यांनी फारच्या साहाय्याने या आकडेवारीची छाननी केली. बहुसंख्य सैनिक जखमांनी नव्हे, तर अस्वच्छतेमुळे पसरणाऱ्या, टाळता येण्याजोग्या रोगांनी दगावले, हे त्यांनी १८५८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आकृत्यांच्या साहाय्याने दाखवून दिले. १८६० मध्ये लंडन येथे भरलेल्या आंतरराष्ट्रीय सांख्यिकी परिषदेपुढे सर्व रुग्णालयांसाठी एकसारख्या नोंदपत्रकांची त्यांची योजना मांडण्यात आली. त्याच वर्षी त्यांच्या प्रेरणेने लंडनच्या सेंट टॉमस रुग्णालयात परिचारिकांचे विद्यालय सुरू झाले. भारतातील ब्रिटिश सैन्याच्या आरोग्यस्थितीची चौकशी करण्यासाठी १८५९ मध्ये नेमलेल्या आयोगासाठी त्यांनी प्रश्नपत्रिका तयार केली आणि ती भारतातील लष्करी ठाण्यांकडे पाठविण्यात आली. रुग्णालयांची योजना प्रारंभी काही ठिकाणी स्वीकारली गेली, पण फार काळ टिकली नाही. पत्रके भरण्याचे काम किचकट होते आणि ती भरणाऱ्यांना त्यांपासून तत्काळ लाभ दिसत नव्हता. पुढील काळातील अनेक योजना याच कारणाने मागे पडल्या.

फारच्या कामाचा वारसा झाक बेर्तीयाँ (१८५१–१९२२) या फ्रेंच संख्याशास्त्रज्ञाने पुढे चालविला. त्याने तयार केलेले मृत्यूच्या कारणांचे वर्गीकरण आंतरराष्ट्रीय सांख्यिकी संस्थेने १८९३ मध्ये शिकागो येथे स्वीकारले. १९४८ मध्ये त्याच्या सहाव्या आवृत्तीपासून ही जबाबदारी जागतिक आरोग्य संघटनेकडे आली. अकरावी आवृत्ती १ जानेवारी २०२२ पासून अंमलात आली. रोगांना संकेतांक देण्याचे काम शिकविणे हा या शिक्षणाचा सर्वांत जुना आणि अजूनही आवश्यक असा भाग आहे.

छिद्रपत्रे आणि नोंदपाल : माहितीच्या संस्करणासाठी यंत्र वापरण्याची कल्पना पुढे आणण्यात एका वैद्याचा वाटा होता. जॉन शॉ बिलिंग्ज (१८३८–१९१३) हे अमेरिकेच्या सैन्यदलातील शल्यचिकित्सक होते. तेथील महाशल्यचिकित्सकांच्या कार्यालयातील ग्रंथालयाची त्यांनी वाढ केली आणि १८७९ मध्ये वैद्यकीय नियतकालिकांतील लेखांची ‘इंडेक्स मेडिकस’ ही सूची सुरू केली. जनगणनेचे आकडे यंत्राने मोजता येतील, अशी सूचना त्यांनी हर्मन हॉलरिथ (१८६०–१९२९) या तरुण अभियंत्याला केली. त्यातून छिद्रपत्रांवर चालणारे कोष्टकयंत्र तयार झाले. १८९० च्या अमेरिकन जनगणनेत ते वापरले गेले, पण त्याआधी बॉल्टिमोर शहरातील मृत्यूंच्या आकडेवारीवर त्याची चाचणी घेण्यात आली होती. म्हणजे या यंत्राचे आरंभीचे प्रत्यक्ष काम आरोग्यविषयक नोंदींचेच होते. [→ संगणक].

त्या काळी रुग्णालयांत प्रत्येक वैद्य वा विभाग आपापली वही ठेवी. त्यामुळे एकाच रुग्णाची माहिती अनेक वह्यांत विखुरलेली असे. अमेरिकेतील मेयो क्लिनिकमध्ये हेन्री प्लमर (१८७४–१९३६) या वैद्याने १९०७ मध्ये प्रत्येक रुग्णाला एक क्रमांक आणि त्या क्रमांकाची एकच संचिका ही पद्धत सुरू केली. महाराष्ट्रातील रुग्णालयांत ज्याला ‘केसपेपर’ म्हणतात, त्याच्या एकत्रित स्वरूपाचा हा एक पूर्वज म्हणता येईल. १९१३ मध्ये स्थापन झालेल्या अमेरिकन शल्यचिकित्सक महाविद्यालयाने (या व्यावसायिक संघटनेने) १९१८ पासून रुग्णालयांची पाहणी हाती घेतली. पुढील वर्षी ठरविलेल्या किमान मानकांत अचूक व पूर्ण रुग्णनोंदींचा समावेश होता. नोंदी सांभाळणे हे स्वतंत्र कौशल्याचे काम आहे, ही जाणीव यातून वाढली आणि १९२८ मध्ये उत्तर अमेरिकेतील नोंदपालांची संघटना स्थापन झाली. पुढील दशकात या व्यवसायासाठी रीतसर अभ्यासक्रम सुरू झाले. त्यांत शरीररचना, रोगांची परिभाषा, संकेतन व संचिकांची मांडणी हे विषय असत.

मात्र या व्यवस्थेत एक उणीव राहिली. नोंदी लावून ठेवणाऱ्याला शिक्षण मिळू लागले, पण नोंद लिहिणारा वैद्य त्या शिक्षणाबाहेर राहिला. वैद्यकीय महाविद्यालयांत केसपेपर लिहिणे हे कनिष्ठ वैद्याने वरिष्ठांकडे पाहून शिकण्याचे काम मानले जाई. अपुरी नोंद उत्तम रीतीने लावून ठेवली, तरी ती अपुरीच राहते.

संगणकाचा प्रवेश : १९५९ मध्ये रॉबर्ट लेडली (१९२६–२०१२) व ली लस्टेड (१९२२–९४) यांचा वैद्यकीय निदानामागील तर्कपद्धतीवरील लेख ‘सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. लेडली शिक्षणाने दंतवैद्य, तर लस्टेड विकिरणवैज्ञानिक होते. वैद्य निदान करताना नकळत तर्कशास्त्र, संभाव्यता आणि परिणामांचे मूल्यमापन या तिन्हींचा वापर करतो आणि ही प्रक्रिया स्पष्ट केल्यास संगणकाची मदत घेता येईल, असे त्यांनी प्रतिपादन केले. रोग व लक्षणे यांचे संबंध दाखविणारी कडेला खाचा असलेली पत्रे वापरून निदानाचा सराव कसा करता येतो, हेही त्यांनी दाखविले. वैद्याने गणित का शिकावे, या प्रश्नाला या लेखाने नेमके उत्तर दिले.

पुढील दशकात अनेक ठिकाणी प्रत्यक्ष प्रयोग सुरू झाले. सॉल्ट लेक सिटी येथे होमर वॉर्नर (१९२२–२०१२), बॉस्टन येथे ऑक्टो बार्नेट (१९३०–२०२०) आणि कॅलिफोर्नियात मॉरिस कॉलेन (१९१३–२०१४) यांनी रुग्णालयीन कामात संगणक आणला. तिघेही वैद्यकाचे पदवीधर होते आणि संगणकाचे ज्ञान त्यांनी कामाच्या ओघात मिळविले होते. अमेरिकेच्या राष्ट्रीय वैद्यकीय ग्रंथालयाने १९६४ मध्ये ‘मेडलार्स’ ही संगणकीय सूचिव्यवस्था सुरू केली. वैद्याचा प्रश्न व्यवस्थेतील सूचिशब्दांत मांडण्यासाठी ग्रंथपालांना विशेष प्रशिक्षण द्यावे लागले. १९७१ मध्ये दूरध्वनी-तारांवरून थेट शोध घेता येईल अशी ‘मेडलाइन’ ही सेवा सुरू झाली आणि उत्तरासाठी करावी लागणारी प्रदीर्घ प्रतीक्षा संपली. नेमका प्रश्न विचारण्याचे कौशल्य मात्र तेवढेच आवश्यक राहिले.

लॉरेन्स वीड (१९२३–२०१७) या अमेरिकन वैद्याने १९६८ मध्ये मांडलेली समस्याधिष्ठित रुग्णनोंदीची पद्धत शिक्षणाच्या दृष्टीने विशेष महत्त्वाची ठरली. या पद्धतीत नोंदीच्या प्रारंभी रुग्णाच्या समस्यांची क्रमवार यादी असते. प्रत्येक समस्येखाली रुग्णाचे म्हणणे, तपासणीत आढळलेल्या गोष्टी, त्यांवरून केलेले अनुमान आणि पुढील योजना असे चार भाग लिहितात. अशी नोंद वाचून दुसऱ्या वैद्याला लिहिणाऱ्याचा विचार समजतो आणि तो कोठे चुकला हेही दिसते. वीड यांच्या मते नोंद हेच अध्यापनाचे साधन होते. ज्याने ती लिहिली त्यालाच ती परत उपयोगी पडत असल्याने या पद्धतीचा प्रसार नाइटिंगेल यांच्या पत्रकांपेक्षा पुष्कळच व्यापक झाला. चार भागांची ही मांडणी जगातील अनेक वैद्यकीय महाविद्यालयांत आजही शिकविली जाते.

अध्यापनशाखेचा उदय : ‘माहितीशास्त्र’ या अर्थाची फ्रेंच संज्ञा १९६२ मध्ये प्रचारात आली आणि वैद्यकीय माहितीशास्त्र ही संज्ञा रूढ करण्यात फ्रान्सचे फ्रांस्वा ग्रेमी (१९२९–२०१४) यांचा मोठा वाटा होता. आंतरराष्ट्रीय माहिती-संस्करण महासंघाने १९६७ मध्ये आरोग्यविषयक तांत्रिक समिती स्थापन केली. तिचे ग्रेमी हे पहिले अध्यक्ष होते. आरोग्यसेवकांच्या माहितीशास्त्र-शिक्षणाचा विषय या समितीने प्रारंभीच हाती घेतला. ग्रेमी व त्यांचे सहकारी यांनी संपादित केलेला या विषयावरील ग्रंथ १९७४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्याच वर्षी स्टॉकहोम येथे ‘मेडिन्फो’ ही पहिली जागतिक परिषद भरली. या समितीतून १९७९ मध्ये आंतरराष्ट्रीय वैद्यकीय माहितीशास्त्र संघटना निर्माण झाली आणि १९८९ मध्ये ती स्वतंत्र झाली.

पश्चिम जर्मनीत हायडल्‌बर्ग विद्यापीठ व हाइलब्रॉन येथील तंत्रमहाविद्यालय यांनी मिळून १९७२ मध्ये या विषयाचा स्वतंत्र पदवी अभ्यासक्रम सुरू केला. त्यात विद्यार्थी प्रारंभापासूनच संगणकशास्त्र व वैद्यक यांचा जोडीने अभ्यास करीत. अमेरिकेत वेगळा मार्ग निवडला गेला. तेथे राष्ट्रीय वैद्यकीय ग्रंथालयाने १९७२ पासून विद्यापीठांना प्रशिक्षणासाठी अनुदाने दिली आणि वैद्यक वा अन्य शास्त्रांचे पदवीधर पुढे या विषयाकडे वळू लागले. संसर्गजन्य रोगांवरील औषधयोजनेचा सल्ला देणाऱ्या ‘मायसिन’ या आज्ञावलीचे जनक एडवर्ड शॉर्टलिफ यांच्या पुढाकाराने १९८२ मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठात पदव्युत्तर अभ्यासक्रम सुरू झाला. ‘मायसिन’ प्रत्यक्ष रुग्णसेवेत कधीच वापरली गेली नाही. सल्ला बरोबर असणे पुरेसे नसून तो वैद्याच्या कामाच्या ओघात, योग्य वेळी मिळाला पाहिजे, हा धडा तिच्यापासून मिळाला आणि तो पुढे अभ्यासक्रमांचा भाग झाला.

परिचारिकांचे शिक्षण या सर्वांपासून बराच काळ दूर राहिले. रुग्णालयातील नोंदींचा मोठा भाग परिचारिका लिहितात. तरीही संगणकीय व्यवस्थांची आखणी होत असताना त्यांचे मत क्वचितच विचारले जाई. हॅरिएट वर्ली आदींनी १९८० नंतरच्या दशकात परिचर्येच्या किमान आधारसामग्रीची सूची तयार केली. परिचारिकेने केलेले काम नोंदीत दिसले नाही, तर ते धोरणातही दिसत नाही, ही या प्रयत्नामागील भूमिका होती. अमेरिकेतील मेरिलंड विद्यापीठाने १९८८ मध्ये परिचर्या-माहितीशास्त्राचा पदव्युत्तर अभ्यासक्रम सुरू केला आणि १९९२ मध्ये अमेरिकन परिचारिका संघटनेने या शाखेला विशेष शाखेचा दर्जा दिला.

प्रशिक्षण आणि रुग्णसुरक्षा : माहितीव्यवस्था चुकीच्या रीतीने आणल्यास रुग्णाच्या जिवाला धोका निर्माण होऊ शकतो, याकडे २००५ मधील एका अभ्यासाने जगाचे लक्ष वेधले. अमेरिकेतील पिट्सबर्ग येथील एका बालरुग्णालयात वैद्यांनी औषधांचे आदेश संगणकावर देण्याची व्यवस्था ऑक्टोबर २००२ मध्ये अवघ्या सहा दिवसांत सर्वत्र लागू करण्यात आली. विशेष उपचारांसाठी अन्य ठिकाणांहून आणलेल्या बालकांमधील मृत्यूंचे प्रमाण त्यापूर्वीच्या तेरा महिन्यांत २·८० टक्के होते. नंतरच्या पाच महिन्यांत ते ६·५७ टक्के झाले. रुग्ण प्रत्यक्ष दाखल होऊन त्याची नोंद होईपर्यंत आदेश देता येत नसत. पूर्वी ते बालक वाटेत असतानाच देता येत. एकेका आदेशासाठी वेळ अधिक लागे आणि तेवढा वेळ वैद्य व परिचारिका रुग्णापासून दूर राहत.

हीच व्यवस्था सिअ‍ॅटल येथील एका बालरुग्णालयाच्या अतिदक्षता विभागात आणण्यात आली, तेव्हा मृत्यूंचे प्रमाण वाढले नाही. ते ४·२२ टक्क्यांवरून ३·४६ टक्क्यांवर आले, असे २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आढळले. ही घट संख्याशास्त्रीय दृष्ट्या लक्षणीय नव्हती. शिवाय दोन रुग्णालयांतील रुग्ण व परिस्थिती सारखी नसल्याने त्यांची थेट तुलना जपूनच केली पाहिजे. तथापि, आज्ञावली एकच असूनही परिणाम भिन्न झाले, ही गोष्ट दुर्लक्षिता येत नाही. सिअ‍ॅटल येथे अतिदक्षता विभागासाठी नेहमी लागणाऱ्या आदेशांचे संच आधीच तयार करून ठेवले होते. कोणती कळ दाबावी एवढे शिकविणे म्हणजे प्रशिक्षण नव्हे, तर कामाचा क्रम कसा बदलेल, कोणता धोका उद्भवेल आणि व्यवस्था बंद पडल्यास काय करावे, याची संबंधितांसह केलेली पूर्वतयारी म्हणजे प्रशिक्षण, हे या दोन उदाहरणांवरून स्पष्ट झाले.

शिक्षणाचा विस्तार : आंतरराष्ट्रीय संघटनेने २००० मध्ये शिक्षणविषयक शिफारशी प्रसिद्ध केल्या आणि २०१० मध्ये त्या सुधारल्या. विद्यार्थ्याचा व्यवसाय, तो या शास्त्राचा वापरकर्ता होणार की तज्ञ आणि तो शिक्षणाच्या कोणत्या टप्प्यावर आहे, या तीन निकषांवर अभ्यासक्रमाची व्याप्ती ठरवावी, असे त्यांत सुचविले होते. अमेरिकन वैद्यकीय माहितीशास्त्र संघटनेने ऑरेगन येथील आरोग्य व विज्ञान विद्यापीठाच्या सहकार्याने २००५ मध्ये एक उपक्रम सुरू केला. २०१० पर्यंत दहा हजार आरोग्य-व्यावसायिकांना या विषयाचे प्राथमिक शिक्षण देण्याचे त्याचे उद्दिष्ट होते. २००९ च्या कायद्याने अमेरिकेत संगणकीय रुग्णनोंदींना मोठे अर्थसाहाय्य मिळाले. त्यामुळे प्रशिक्षित मनुष्यबळाची निकड निर्माण झाली आणि सामुदायिक महाविद्यालयांतून अल्प मुदतीचे अभ्यासक्रम सुरू करण्यात आले. चिकित्सालयीन माहितीशास्त्राला वैद्यकाची उपशाखा म्हणून तेथे २०११ मध्ये मान्यता मिळाली आणि पहिली परीक्षा २०१३ मध्ये झाली.

भारत : ब्रिटिश काळात मुंबई इलाख्यातील खेड्यांत जन्ममृत्यूंची नोंद गावकामगारांकडे असे. मृत्यूची कारणे देवी, पटकी, प्लेग, ताप अशा मोजक्याच सदरांत लिहिली जात. ‘ताप’ या सदरात हिवतापापासून क्षयापर्यंत अनेक रोग सामावले जात. नोंद करणाऱ्याला रोगांचे शिक्षण नव्हते आणि त्या नोंदीचा त्याच्या गावाला काही उपयोगही दिसत नव्हता. १९४६ मध्ये सादर झालेल्या भोर समितीच्या अहवालात जीवनविषयक आकडेवारीतील दोषांची दखल घेण्यात आली. १९६१ मध्ये केंद्रीय आरोग्य माहिती विभाग स्थापन झाला. दिल्ली व पुदुच्चेरी येथील रुग्णालयांच्या साहाय्याने वैद्यकीय नोंद अधिकारी व तंत्रज्ञ यांच्या प्रशिक्षणाचे काम या विभागाने केले. १९६९ च्या अधिनियमाने जन्ममृत्यूंच्या नोंदणीला देशभर एकसारखा कायदेशीर आधार मिळाला.

मुंबईत भारतीय कर्करोग संस्थेने १९६३ मध्ये लोकसंख्याधिष्ठित कर्करोग-नोंदवही सुरू केली. भारतातील ही अशा प्रकारची पहिली नोंदवही होय. शहरातील रुग्णालयांत जाऊन रुग्णांचे केसपेपर तपासणे, एकाच रुग्णाची दोनदा नोंद होऊ न देणे, मुंबईचा रहिवासी व बाहेरचा रुग्ण यांत फरक करणे आणि रोगाला योग्य संकेतांक देणे, ही कामे करणारे कर्मचारी येथे तयार झाले. १९८१ मध्ये भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने सुरू केलेल्या राष्ट्रीय कर्करोग-नोंदवही कार्यक्रमात हा अनुभव उपयोगी पडला. याच परिषदेने राष्ट्रीय सूचना-विज्ञान केंद्राच्या सहकार्याने १९८६ मध्ये दिल्लीत जैववैद्यकीय माहिती केंद्र सुरू केले. त्यामुळे भारतीय वैद्यांना ‘मेडलार्स’चा लाभ घेता येऊ लागला. १९९३ मध्ये भारतीय वैद्यकीय माहितीशास्त्र संघटना स्थापन झाली.

संगणकाशिवाय या शास्त्राचे मर्म किती उत्तम रीतीने शिकविता येते, याचे उदाहरण महाराष्ट्रात गडचिरोली जिल्ह्यात आढळते. अभय बंग व राणी बंग यांच्या ‘सर्च’ या संस्थेने बालकांमधील न्यूमोनिया ओळखण्यासाठी एक साधे उपकरण तयार केले. श्वासांचा वेग मोजणे हा या रोगाच्या निदानाचा मुख्य आधार आहे, परंतु गावातील निरक्षर सुइणींना मोठे आकडे मोजता येत नसत. एक मिनिटाचे वाळूचे घड्याळ आणि सरकविता येणारे मणी यांची त्यात योजना केली होती. ठराविक संख्येने श्वास झाल्यावर एक मणी सरकवायचा आणि वाळू संपण्यापूर्वी मणी संपले, तर श्वास जलद आहे असे समजायचे, ही रीत होती. मोजणाऱ्याच्या कुवतीनुसार मापनाचे साधन घडविण्याचा हा प्रयत्न होता.

पुढे १९९३–९८ या काळात याच संस्थेने ३९ गावांत नवजात बालकांच्या घरोघरी देखभालीचा प्रयोग केला. थोडे शालेय शिक्षण झालेल्या गावातीलच स्त्रियांना बाळाचे वजन, तापमान, श्वास, दूध पिणे व धोक्याची लक्षणे पाहून ती लिहून ठेवण्याचे आणि त्यांवरून उपचार ठरविण्याचे शिक्षण देण्यात आले. तुलनेसाठी निवडलेल्या गावांच्या मानाने तिसऱ्या वर्षी नवजात बालकांचा मृत्युदर सु. ६२ टक्क्यांनी कमी झाल्याचे १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दाखविण्यात आले. ही घट अर्थातच नोंदींमुळे नव्हे, तर देखभालीमुळे झाली. परंतु कोणत्या बाळाला कधी कोणती देखभाल हवी, हे त्या नोंदीवरूनच ठरत होते. नोंद करणारी व निर्णय घेणारी स्त्री एकच होती, हे या प्रयोगाचे वैशिष्ट्य होय. २०११ मध्ये या पद्धतीवर आधारित मार्गदर्शिका देशभरातील ‘आशा’ स्वयंसेविकांसाठी लागू करण्यात आली.

२००४ मध्ये सुरू झालेल्या एकात्मिक रोग-सर्वेक्षण प्रकल्पात माहितीची विभागणी शिक्षणाच्या पातळीनुसार केली होती. आरोग्यसेविकेने लक्षणांचे, वैद्यकीय अधिकाऱ्याने संभाव्य निदानाचे आणि प्रयोगशाळेने खात्रीशीर निदानाचे पत्रक भरावयाचे, अशी ही रचना होती. २०१३ मध्ये भारत सरकारने संगणकीय रुग्णनोंदींची मानके प्रसिद्ध केली आणि २०१६ मध्ये ती सुधारली. २०१४ मध्ये भारताने ‘स्नोमेड सीटी’ ही आंतरराष्ट्रीय वैद्यकीय परिभाषा स्वीकारली. या मानकांसंबंधीचे राष्ट्रीय केंद्र पुणे येथील प्रगत संगणन विकास केंद्रात (सी-डॅक) आहे. २०१९ पासून वैद्यकाच्या पदवी अभ्यासक्रमाच्या प्रारंभी जो पायाभूत पाठ्यक्रम ठेवण्यात आला, त्यात भाषा व संगणक-कौशल्यांचा समावेश आहे. सप्टेंबर २०२१ मध्ये आयुष्मान भारत डिजिटल अभियानाची देशव्यापी घोषणा झाली. त्यानुसार रुग्णाला स्वतंत्र आरोग्य-क्रमांक आणि त्याच्या संमतीने नोंदींची देवाणघेवाण ही व्यवस्था आकाराला आली. मेयो क्लिनिकमधील एका रुग्णालयापुरती असलेली ‘एक रुग्ण, एक क्रमांक’ ही कल्पना अशा रीतीने देशाच्या पातळीवर पोहोचली.

अभ्यासक्रमाचे स्वरूप व मर्यादा : या शिक्षणात रुग्णनोंदींची रचना, परिभाषा व संकेतन, सांख्यिकी व संभाव्यता, आधारसामग्रीचे संघटन, वैद्यकीय वाङ्मयाचा शोध, निर्णयसाहाय्यक आज्ञावली, रुग्णाची गोपनीयता व संमती आणि कार्यपद्धतीतील बदलांचे नियोजन हे विषय सर्वसाधारणपणे येतात. अलीकडे आधारसामग्रीवरून स्वतः नियम शिकणाऱ्या आज्ञावलींच्या मर्यादा ओळखणे, या विषयाची त्यांत भर पडली आहे. अशा आज्ञावली जुन्या नोंदींवरूनच शिकतात. ज्या समाजगटांच्या नोंदी अपुऱ्या वा सदोष असतात, त्यांच्याबाबत त्यांचे अनुमान चुकण्याचा संभव अधिक असतो. त्यामुळे नोंद करणाऱ्याच्या शिक्षणाचे महत्त्व कमी न होता वाढलेच आहे.

या शिक्षणाची मुख्य अडचण साधनांची नसून वेळेची आहे. गर्दीच्या बाह्यरुग्ण विभागात एका रुग्णासाठी काही मिनिटेच मिळतात. आरोग्यसेविकेला तीच माहिती अनेक नोंदवह्यांत आणि शिवाय भ्रमणध्वनीवर भरावी लागल्यास नोंदीकडे लक्ष देताना रुग्णाकडे दुर्लक्ष होण्याचा धोका असतो. आकडा वर पाठविला जातो, पण त्यावरून निघालेला निष्कर्ष खाली परत येत नाही, तेव्हा नोंद करणे हा केवळ उपचार होतो आणि पत्रक रिकामे राहू नये म्हणून ते कसेतरी भरले जाते. नाइटिंगेल यांची पत्रके मागे पडण्याचे आणि वीड यांची पद्धत व गडचिरोलीतील प्रयोग रुजण्याचे कारण याच ठिकाणी सापडते. नोंद करणाऱ्याला तिचा उपयोग आपल्याच रुग्णासाठी होताना दिसला, तेथे हे शिक्षण टिकले. इतरत्र यंत्रसामग्री कितीही उत्तम असली, तरी ते वरवरचेच राहिले.